पाचवी प्रत

प्रश्न असा आहे: 'सरकारी गुप्त कागद फोडणारे स्नोडेन, असांज यांच्यासारखे लोक देशभक्त की देशद्रोही? त्यांच्यामुळे खरंच काही नुकसान झालं का? निबंधासाठी हवं आहे.'

निबंधासाठी हवं असेल तर माझं उत्तर तुमच्या फारसं कामाचं नाही. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि कागद फोडल्याच्या आरोपावरून माझी विभागीय चौकशी झालेली आहे. 'देशद्रोही' हा शब्द दिसला की मला गप्प बसवत नाही. आमच्या साडूंनी तो एका बारशात, भर पंगतीत माझ्यासाठी वापरला होता. पण ते पुढे येईल.

आधी शिक्क्याचं सांगतो. 'गोपनीय' हा शिक्का लाकडी मुठीचा असायचा, जांभळ्या शाईचा, आणि टेबलावर 'तातडीचे' आणि 'स्मरणपत्र' यांच्या शेजारी लोळत पडलेला असायचा. कशावर मारायचा याचे नियम होते. प्रत्यक्षात साहेबांना ज्या कागदाची अडचण वाटे त्यावर तो बसे. एकदा साहेबांच्या बंगल्याच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकावर मी स्वतः मारला आहे. देशाची सुरक्षा त्यात कुठे होती, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. मी टंचाईच्या कामाला जुंपलेला होतो. टँकरच्या लॉगबुकांची तपासणी झाली, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं अहवालात सरळ लिहिलं की एकच टँकर, एकाच दिवशी, एकाच वेळी, चाळीस किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांत पाणी ओतत होता. दोन्ही गावांच्या खेपांवर सह्या, आणि दोन्हीकडची बिलं निघालेली. अहवाल अकरा पानांचा. वर जांभळा शिक्का.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, 'पाच प्रती काढून आणा.' पृष्ठांकनात, म्हणजे प्रती कोणाकोणाला पाठवायच्या त्या यादीत, नावं चार होती. मी विचारलं, 'साहेब, चार ना?' म्हणाले, 'पाच.' आता साहेब पाच म्हणाले तर कारकून पाच काढतो. मी काढल्या, केबिनमध्ये नेऊन दिल्या, नोंदवहीत मात्र चारच लिहिल्या, कारण पाचवी कोणाच्या नावावर लिहिणार? तिथेच चुकलो.

आठ दिवसांनी एका दैनिकात अहवालाच्या पहिल्या पानाचा फोटो छापून आला. पानाच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत केसासारखी एक काळी रेघ. आमच्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर ओरखडा होता आणि ती रेघ कचेरीतल्या प्रत्येक प्रतीवर उमटायची. म्हणजे कागद आमच्याकडूनच गेला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. झेरॉक्स कोणी काढली? मी. पाच प्रती कोणी सांगितल्या? तोंडी आदेश, साक्षीला कोणी नाही. साहेबांनी चौकशीत सांगितलं, 'मी चारच मागितल्या होत्या.' त्या दिवसांत त्यांचं आणि वरच्या साहेबांचं बदलीवरून वाजलं होतं आणि तो अहवाल वरच्यांनाच जड जाणार होता. याहून जास्त मी लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.

कारणे दाखवा, मग दोषारोपपत्र, मग निलंबन. अर्ध्या पगारावर घर चालवलं आहे आम्ही. शेवटी शिक्षा काय, तर एक वेतनवाढ दोन वर्षं रोखली. अपिलात तीही रद्द झाली, साडेतीन वर्षांनी, आणि तीही निर्दोष म्हणून नव्हे. मला साहेबांची उलटतपासणी करू दिली नव्हती म्हणून. झेरॉक्सजवळ उभा असायचा त्या शिपायाची बदली मात्र लगेच झाली, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तो बिचारा त्या दिवशी रजेवर होता.

म्हणून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या गुप्तचर खात्याकडे कंत्राटावर काम करणाऱ्या रिॲलिटी विनर या मुलीची बातमी वाचली तेव्हा मी पेपर खाली ठेवला. रशियानं तिथल्या निवडणूक यंत्रणेत घुसायचा प्रयत्न केल्याचा गुप्त अहवाल तिनं पत्रकारांना पाठवला होता. त्यांनी खरा की खोटा विचारायला त्याची प्रत सरकारलाच दाखवली, तर त्या प्रतीवर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे कोणीतरी छापून बाहेर नेलेली. अहवाल कोणी छापला याची नोंद पाहिली तर नावं सहा निघाली. त्यांतली ती एक. आमची रेघ, तिची घडी. तिला पाच वर्षं तीन महिने कैद झाली. त्या बातमीच्या दोनच वर्षं आधी जनरल पेट्रियस, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख, यांनी गुप्त माहितीनं भरलेल्या वह्या आपलं चरित्र लिहिणाऱ्या बाईला वाचायला दिल्याचं कबूल केलं होतं. त्यांना शिक्षा काय? दोन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली, आणि एक लाख डॉलर दंड. पाचवी प्रत साहेबांनी दिली तर तो संवाद, कारकुनानं दिली तर तो द्रोह. तिकडेही तेच.

आपल्याकडचा कायदा १९२३ चा, इंग्रजांचा, ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट. कागद देणारा आणि घेणारा दोघांनाही तो पकडतो. वर्ध्यात एका माणसानं २०१८ मध्ये पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून त्याच्यावर हाच कायदा लावला होता. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला सांगावं लागलं की पोलीस ठाणं हे या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. रंगकामाच्या अंदाजपत्रकावर शिक्का मारणाऱ्यांचीच ही जात.

राफेल विमानांच्या खरेदीचं तर सगळ्यांना आठवत असेल. २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयातल्या टिप्पण्या 'द हिंदू'मध्ये छापून आल्या. ६ मार्चला महान्यायवादी सर्वोच्च न्यायालयात म्हणाले, कागद चोरीला गेले. दोन दिवसांनी म्हणाले, चोरीला नव्हे, याचिकाकर्त्यांनी झेरॉक्स वापरल्या असं म्हणायचं होतं. (झेरॉक्स! मी एकटाच घरात हसलो.) १० एप्रिलला तिन्ही न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की कागद कुठून आला म्हणून तो वाचायचाच नाही, हे चालणार नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका फेटाळल्या ती गोष्ट वेगळी. सरकारच्या बाजूनं निकाल लागला म्हणून माझा मुद्दा पडत नाही. आधी वाचा, मग फेटाळा. आमच्याकडे अहवाल कोणी वाचलाच नाही. सगळी कचेरी दोन महिने 'कोणी दिला' यात गुंतली आणि तोच टँकरवाला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आला, नवा रंग मारून.

आता साडू. ते लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झाले, माणूस सोन्यासारखा, पण याबाबतीत एक तसूभर हलत नाही. बारशात म्हणाले, 'भावजी, घरभेद्याला आमच्यात एकच शिक्षा.' मी म्हणालो, 'अण्णा, टँकरमध्ये कोणती तोफ होती?' म्हणाले, 'आज टँकर, उद्या तोफ. सवय लागते.' बायकोनं माझ्या पानात बासुंदी वाढली म्हणून मी गप्प बसलो. नंतर २००३ मध्ये सत्येंद्र दुबे हा महामार्गाचा तरुण अभियंता गयेत गोळी घालून मारला गेला. त्यानं पंतप्रधान कार्यालयाला भ्रष्टाचाराचं पत्र लिहिलं होतं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. पत्र नावासकट खालपर्यंत फिरलं. मी अण्णांना फोन करून विचारलं, आता इथे घरभेदी कोण? पुढे मारेकऱ्यांवरच्या खटल्यात लुटारूंनी मारलं असा निकाल लागला, आणि अण्णा तोच धरून बसतात. पण नाव फुटलं ते फुटलंच, आणि ते फोडणाऱ्याच्या टेबलावर कोणी झेरॉक्सची रेघ शोधत आलं नाही. अशा लोकांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये संसदेनं कायदा केला, पण तो अमलात आणायची अधिसूचना काढायची राहून गेली.

एक मात्र अण्णांचं मला मान्य करावं लागतं, आणि ते मी त्यांच्या तोंडावर अजून केलेलं नाही. २०१० मध्ये असांजच्या विकिलीक्स या संकेतस्थळानं अफगाण युद्धाचे कागद टाकले तेव्हा अमेरिकनांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांची नावं त्यांत राहिली होती. ती खोडून टाकायला हवी होती. त्याला माझ्याकडे बचाव नाही. ते कागद विकिलीक्सला देणाऱ्या चेल्सी मॅनिंग या अमेरिकी सैनिकाच्या खटल्यात नुकसानीची पाहणी केलेल्या लष्करी अधिकाऱ्यानंच सांगितलं की त्या नावांमुळे कोणी मारला गेल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. पण सापडलं नाही हे नशीब. तुकडी कुठे आहे, खबऱ्या कोण आहे, हे कागद माझ्या हातात आले असते तर मी कपाटाला दुसरं कुलूप लावलं असतं.

तेव्हा निबंधात स्नोडेनच घ्या, ते सोपं आहे. तोही गुप्तचर खात्याकडे कंत्राटावर होता, आणि २०१३ मध्ये त्यानं सांगितलं की अमेरिकी सरकार आपल्याच नागरिकांच्या फोनच्या नोंदी घाऊक गोळा करतं. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं आणि काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदा बदलला. तो स्वतः मात्र रशियात अडकला आणि आता तिथलाच नागरिक झाला. असांजनं २०२४ मध्ये एका कलमाखाली गुन्हा कबूल केला आणि ऑस्ट्रेलियाला घरी गेला. देशभक्त की देशद्रोही हे तुमचं तुम्ही ठरवा. टँकरचं घालू नका, मार्क कापतील. आणि सरकारी नोकरीसाठीच ही तयारी चालली असेल तर तोंडी सांगितलेल्या प्रतींचा आकडा टिप्पणीवर लिहून साहेबांची सही घ्या. ते चिडतील. चिडू द्या.