व्याकरण बरोबर, शब्दही येतात, तरी माझं इंग्रजी पाठ केल्यासारखं का वाटतं?

तुमचा प्रश्न असा, की वाक्यात चूक नसते, तरी मुलाखतीत आपण पाढे म्हणतोय असं वाटतं. मग जोर नेमका कुठल्या शब्दावर द्यायचा? मी कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत निर्यातीचं काम बघतो. परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणं रोजचंच.

एकदा एका अमेरिकन गिऱ्हाइकाला मी सांगितलं, 'वुई कॅन शिप इट ऑन फ्रायडे'. सगळे शब्द सारख्याच ठसक्यात. दुसऱ्या दिवशी मेल आला, शुक्रवारी जमत नसेल तर कधी पाठवाल? मी 'कॅन' म्हटलं होतं, त्यांनी 'कॅन्ट' ऐकलं होतं. अशा वाक्यात अमेरिकन माणूस 'कॅन' पुरता उच्चारत नाही. ओझरतं 'कन' म्हणतो आणि जोर 'शिप' आणि 'फ्रायडे'वर देतो. नकार असला की मात्र 'कॅन्ट' ठळक येतो, आणि त्यातला शेवटचा 'ट' बऱ्याचदा घशातच अडतो. म्हणून ठळक 'कॅन' ऐकला की त्यांच्या कानाला तो नकार वाटतो. त्या दिवसापासून मी जोराकडं लक्ष द्यायला लागलो.

मराठीत हे काम बरंचसं 'च' करतो. 'मी उद्या जाणार', 'मीच उद्या जाणार', 'मी उद्याच जाणार'. आवाज आपणही चढवतो, पण 'च' असल्यानं सपाट बोललं तरी अर्थ पोचतो. इंग्रजीला असा 'च' नाही. 'आय ॲम गोइंग टुमारो' यात 'आय' दाबून म्हटलं की 'मीच', 'टुमारो' दाबून म्हटलं की 'उद्याच'. माझा साधा उपाय हा: वाक्य आधी मनात मराठीत म्हणा, 'च' कुठं लागतो ते बघा, इंग्रजीत जोर तिथं द्या. 'च' कुठंच लागत नसेल, तर सगळ्यात मोठा जोर बहुधा शेवटच्या अर्थाच्या शब्दावर येतो.

अर्थाचे शब्द म्हणजे नाम, मुख्य क्रियापद, विशेषण, आकडे, प्रश्नाचे आणि नकाराचे शब्द. बाकीचे, म्हणजे टू, फॉर, ऑफ, अँड, द, हॅव, हे सगळे आखडतात. 'फॉर'चा 'फर' होतो, 'टू'चा 'ट' होतो, 'टपाल'मधल्या 'ट'सारखा. यात आपल्याला परकं काही नाही. 'आणि'चं 'अन्' आपण रोज करतो. 'चहा अन् पोहे' म्हणताना त्या 'अन्'कडं कुणाचं लक्षही जात नाही. इंग्रज 'अँड'चं जवळजवळ हेच करतो. फक्त असा शब्द वाक्याच्या शेवटी आला की तो पूर्ण उच्चारायचा. 'व्हेअर आर यू फ्रॉम' यातला 'फ्रॉम' आखडत नाही. 'येस, आय कॅन' यातला 'कॅन'ही नाही.

आता लय. 'ट्रक्स लीव्ह मंडे' म्हणा आणि तीन टाळ्या द्या. मग 'द ट्रक्स विल बी लीव्हिंग ऑन मंडे' म्हणा. टाळ्या तीनच राहतात: ट्रक्स, लीव्ह, मन. मधले शब्द त्या टाळ्यांच्या फटीत भरभर बसवायचे. खासबागेत कुस्तीच्या वेळी हलगी ऐकली असेल, तर ठोक्याच्या मधे हलक्या काड्या कशा भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये इंग्रजीच्या या चालीला 'स्ट्रेस-टाइम्ड' म्हटलं, म्हणजे जोराचे ठोके सारख्या अंतरानं पडणारी चाल. पुढं यंत्रानं मोजल्यावर ठोक्यांमधलं अंतर काटेकोर सारखं निघालं नाही, पण सरावासाठी ही कल्पना मला फार कामाची वाटते. आपल्या मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो. तीच सवय इंग्रजीत आली की पाढे ऐकू येतात.

उच्चार बदलून अमेरिकन व्हायची अजिबात गरज नाही. कोल्हापुरी वळण राहू दे, ते आपलंच आहे. जोर मात्र जागेवर हवा, कारण समोरचा त्यावरूनच अर्थ पकडतो.

मुलाखतीसाठी स्वतःची पाच-सहा वाक्यंच घ्या. 'आय वर्क्ड इन पुणे फॉर टू इयर्स' यात ठोके चार: वर्क्ड, पुणे, टू, इयर्स. 'इन' आणि 'फर' हलके, भरभर. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपल्याला काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. आणि पगाराचा किंवा मालाचा आकडा आला तर सावध राहा. 'फिफ्टी'त जोर पहिल्या अक्षरावर, 'फिफ्टीन'मध्ये सुटा म्हणताना 'टीन'वर. फोनवर मी तेवढ्यावर विसंबत नाही, पाठोपाठ 'वन फाइव्ह' असंही सांगतो.