नकाशावरचा एक आकडा आणि त्यामागचे जहाज

समुद्राचे मोजमाप करणाऱ्या सरकारी जहाजांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे निवडले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गेल्या हंगामात आमच्या किनाऱ्यासमोर एक पांढरे जहाज आणि त्याच्या लहान बोटी कित्येक दिवस शेत नांगरावे तशा एकाच पट्ट्यात येरझाऱ्या घालत होत्या. हे काय चालले होते? शिवाय आमच्या होड्या समोर दिसत असूनही ते जहाज बाजूला का होत नव्हते? (मच्छीमार वाचक, दापोली)

उत्तर : वर्णनावरून ते भारतीय नौदलाचे जलसर्वेक्षण जहाज असावे. पांढरा रंग आणि पिवळसर धुरांडे ही या जहाजांची जुनी ओळख आहे. जहाजाच्या तळाला बसवलेले मल्टीबीम यंत्र पाण्यात ध्वनीचा पंखा सोडते आणि तळाचा एक पट्टा एका वेळी मोजते. मात्र या पट्ट्याची रुंदी खोलीवर अवलंबून असते. ढोबळमानाने ती खोलीच्या तीन-चार पट धरली, तर शंभर मीटर खोल पाण्यात एका फेरीत तीनशे मीटरांहून अधिक रुंदीचा तळ उलगडतो; दहा मीटर पाण्यात मात्र जेमतेम तीस-चाळीस मीटरच हाती लागतात. आता दहा किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा उथळ चौकोनाचा हिशोब करून पाहावा. तीस मीटरांच्या अंतराने रेषा आखल्या तर त्या ३३० हून अधिक होतात, आणि ताशी सहा सागरी मैल वेगाने त्या पूर्ण करायला वळणांचा वेळ सोडून सुमारे ३०० तास लागतात. बोटी दिवसाला आठ तास काम करत असतील तर एका बोटीचा महिना त्यात सहज सरतो. किनारा जितका जवळ आणि पाणी जितके उथळ, तितके काम हळू चालते. आणि अपघाताची भीती असते तीही नेमकी तेथेच.

वाट न सोडण्याचे कारण असे, की रेषा मधेच मोडली तर ती पुन्हा घ्यावी लागते. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सर्वेक्षण करणारे जहाज ‘हालचालीची क्षमता मर्यादित असलेले’ मानले जाते. दिवसा ते गोल, चौकट आणि पुन्हा गोल अशा तीन काळ्या आकृत्या एकाखाली एक लावते. रात्री लाल, पांढरा, लाल असे दिवे लावते. ही खूण दिसली की मासेमारी करणाऱ्या नौकेनेही शक्य तितके दूर राहावे, असा नियम आहे. तरीही, सर्वेक्षण सुरू होण्यापूर्वी जवळच्या बंदरांतील मच्छीमार सोसायट्यांना ठरलेला पट्टा आणि तारखा मराठीत कळवल्या, तर जाळी आणि जहाज यांचा निम्मा वाद टळेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ध्वनी तळावर आदळून परत येतो आणि त्या वेळेवरून खोली कळते, एवढे पाठ्यपुस्तकात वाचले आहे. मग जहाजावरच्या इतक्या माणसांना काम काय उरते? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पाठ्यपुस्तकातले गणित बरोबरच आहे. ध्वनीचा पाण्यातील वेग सेकंदाला १५०० मीटर धरला आणि प्रतिध्वनी वीस मिलिसेकंदांनी परत आला, तर जाऊन-येऊन तीस मीटर, म्हणजे खोली पंधरा मीटर. अडचण अशी, की या हिशोबातील एकही गोष्ट समुद्रात स्थिर नसते, आणि जहाजावरील बहुतेक माणसे याच अस्थिर गोष्टींच्या मागे असतात.

पहिली गोष्ट म्हणजे वेग. तो तापमान, क्षारता आणि दाब यांवर ठरतो. आपल्या उबदार पाण्यात वरच्या थरात तो १५४० च्या आसपासही असतो. तेथे यंत्रात १५०० हा आकडा ठेवला, तर साठ मीटर खोलीवर दीड मीटरहून अधिक चूक होते. म्हणून पाण्यात उपकरण सोडून थराथरातील वेग मोजावा लागतो आणि दिवसातून अनेकदा तो पुन्हा तपासावा लागतो. खाडीच्या तोंडाशी गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पसरलेले असते, आणि अशा ठिकाणी तिरके जाणारे ध्वनिकिरण वाकतात. त्यामुळे सपाट तळसुद्धा दोन्ही कडांना उचललेला किंवा झुकलेला दिसू लागतो. पडद्यावरचा असा तळ पाहून, ही डोंगररांग नसून चुकीचा वेग आहे, हे ओळखणारा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट जहाजाची स्वतःची. ते लाटेवर वर-खाली होते, कुशीवर झुकते, पुढे-मागे डोलते. इंधन संपत जाईल तसे पाण्यातून वर येते आणि उथळ पाण्यात वेगाने गेले तर थोडे खाली बसते. या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवून ती खोलीतून वजा किंवा तिच्यात अधिक करावी लागते.

तिसरी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवशी सहा तासांत पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक बदलते. सकाळी बारा मीटर मोजलेली जागा दुपारी आठ मीटर भरत असेल, तर नकाशावर काय छापायचे? त्यासाठी एक ठरावीक पातळी धरतात. पाणी सहसा तिच्याखाली जात नाही, आणि सर्व खोल्या तिच्यापासून मोजलेल्या दाखवतात. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत, त्यामुळे तेथे प्रश्न सोपा आहे. एखाद्या आडवळणाच्या खाडीत मात्र सर्वेक्षणाची एक तुकडी किनाऱ्यावर उतरते, पाण्यात मोजपट्टीचा खांब रोवते, त्याची उंची जमिनीवरील पक्क्या खुणेशी जोडते आणि सलग नोंदी घेते. त्या गावाची भरती-ओहोटी नीट समजून घ्यायची तर चंद्राचे एक चक्र पूर्ण होईल इतके, म्हणजे महिनाभर, निरीक्षण चालवावे लागते. आता स्वयंचलित मापके आली आहेत, पण त्यांची पडताळणी खांबावरच्या वाचनानेच होते. जहाजावरचे लक्षावधी प्रतिध्वनी अखेर या किनाऱ्यावरच्या एका खांबाच्या भरवशावर असतात. तो हलला किंवा त्याची उंची चुकली, तर सगळे सर्वेक्षण एकाच प्रमाणात चुकते, आणि अशी चूक पडद्यावर दिसतही नाही.

दिनक्रमही याच कामांभोवती बांधलेला असतो. कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि पाणी खवळते, म्हणून बोटी पहाटेच उतरवतात. तळाची माती, वाळू, शिंपले किंवा खडक यांचे नमुने घेतात, कारण नांगर धरेल की घसरेल हे त्यावर ठरते. संध्याकाळी बोटी वर घेतल्या की रात्रपाळी सुरू होते: माशांच्या थव्यांचे आणि बुडबुड्यांचे खोटे प्रतिध्वनी वगळणे, आडव्या तपासणी-रेषांशी खोल्या जुळतात का ते पाहणे आणि राहिलेल्या फटी दुसऱ्या दिवशीच्या यादीत टाकणे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर बोटींचे काम थांबते. तेव्हा दुरुस्ती आणि अहवाल उरकले जातात. सगळी सामग्री शेवटी देहरादून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात जाते. तेथे ती पुन्हा तपासली जाते आणि मगच कागदी व इलेक्ट्रॉनिक नकाशांवर येते.

प्रश्न : इंग्रजांच्या काळापासून हे काम चालू आहे. एकदा मोजलेला समुद्र पुन्हा पुन्हा का मोजतात? (वाचक, ठाणे)

उत्तर : पूर्वी शिसे बांधलेला दोर सोडून खोली मोजत. दोर पडला त्या बिंदूची खोली कळे. दोन बिंदूंमधला खडक मात्र राहून जाई. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे लाकडी सर्वेक्षण जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्या काळच्या माणसांनी केलेले काम थक्क करणारे आहे. पण आजच्या खोल बुडाच्या जहाजांना ते पुरत नाही.

आणि तळही बदलतो. नद्या गाळ आणतात, बंदरे तो उपसतात. डिसेंबर २००४ च्या भूकंपात निकोबारमधील इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे सव्वाचार मीटर खचली, तेव्हा त्या भागातील जुन्या खोल्यांवर विसंबणे धोक्याचे झाले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या मालवाहू जहाजांची टक्कर होऊन शेकडो कंटेनर पाण्यात गेले आणि बंदरातील वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. बुडालेले लोखंड नकाशात नसते, ते शोधावेच लागते.

प्रश्न : हे नागरी उपयोगाचे काम असेल, तर नौदलाकडे कशाला? (वाचक, नागपूर)

उत्तर : तळाची माहिती व्यापारी जहाजाला हवी असते तशी पाणबुडीलाही हवी असते. अनेक देशांत हे काम नौदलच करते. शिवाय संकटात ही जहाजे अन्य कामांना जुंपता येतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ‘निरुपक’ रुग्णालय-जहाज म्हणून इंडोनेशियाला गेले होते. मे २०२१ मध्ये तौते वादळात मुंबईसमोर ‘पी-३०५’ बार्ज आणि ‘वरप्रदा’ टग बुडाले, तेव्हा शोधासाठी साइड स्कॅन सोनार (दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून तळाचे चित्र काढणारे यंत्र) असलेले ‘मकर’ पाठवण्यात आले. चाळीस वर्षे सेवा केलेले जुने ‘संधायक’ जून २०२१ मध्ये निवृत्त झाले. कोलकात्याच्या गार्डन रीच कंपनीने बांधलेले त्याच नावाचे ११० मीटर लांबीचे नवे जहाज ३ फेब्रुवारी २०२४ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात आले. त्याच मालिकेतील ‘निर्देशक’ त्याच वर्षी डिसेंबरात दाखल झाले.

प्रश्न : माझ्या मुलाला या क्षेत्रात जायचे आहे. मार्ग कोणता? (पालक, सांगली)

उत्तर : अधिकारी म्हणून जायचे तर अभियांत्रिकी पदवीनंतर नौदलाच्या अल्प सेवा (शॉर्ट सर्व्हिस) भरतीतील हायड्रो केडर, म्हणजे जलसर्वेक्षण शाखा, पाहावे. प्रशिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत होते. नौदलाबाहेर बंदरे आणि सर्वेक्षण कंपन्या यांतही अशी माणसे लागतात. महिनोन्‌महिने घराबाहेर राहण्याची तयारी आहे का, हे मात्र मुलाला आधी विचारावे.

प्रश्न : आमच्या समुद्रात एक खडप (पाण्यातला खडक) आहे, वाडवडिलांपासून सगळ्यांना ठाऊक, पण मोबाइलमधल्या नकाशात ते नाही. कोणाला सांगायचे? (वाचक, मालवण)

उत्तर : मोबाइलमधला सर्वसाधारण नकाशा नौकानयनाचा नसतो, त्यामुळे प्रथम अधिकृत सागरी नकाशात पाहावे, जवळच्या बंदर कार्यालयात तो पाहता येईल. तेथेही खडप नसेल, तर देहरादूनच्या कार्यालयाकडे ठरावीक नमुन्यात तशी सूचना पाठवता येते. पडताळणीनंतर असे बदल नाविकांसाठीच्या सूचनांमधून प्रसिद्ध होतात. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, खडपावरची खोली, ती कशाने मोजली आणि खडप ओहोटीला उघडे पडते का, हे लिहावे. मोजल्याची तारीख व वेळ मात्र आवर्जून द्यावी, कारण त्याशिवाय त्या खोलीतून भरतीचे पाणी वजा करता येत नाही.