‘द कंट्री गर्ल्स’ या आयरिश कादंबरीवर बंदी का आली होती? आज ती वाचण्यासारखी आहे का?

वाचाच. पण बंदीचं ऐकून काही चावट मिळेल या आशेने उघडणार असाल तर राहू द्या.

पहिल्याच पानावर चौदा वर्षांची कॅथलीन सकाळी दचकून जागी होते. छाती धडधडतेय, का ते क्षणभर कळत नाही. मग आठवतं, बाप रात्री घरी आलेला नाही. पिऊन येणार, आणि आल्यावर काय करील याचा नेम नाही. पुढचं सगळं मला याच सकाळीतून निघालेलं वाटतं. आई तळ्यात होडी बुडून जाते. बापाच्या दारूपायी घरदार हातचं जातं. आणि ही पोर माया शोधत शोधत बापाच्या वयाच्या एका विवाहित माणसात गुंतते. त्याचं फ्रेंच आडनाव गावाला म्हणता येत नाही म्हणून सगळे त्याला ‘मिस्टर जंटलमन’ म्हणतात. कॅथलीनला तो देव वाटतो. लेखिका त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलत नाही, म्हणून आपलाच संताप जास्त होतो.

तिची मैत्रीण बाबा (मुलीचं नाव आहे, आपले बाबा नव्हेत!) ही गुरांच्या डॉक्टरची मुलगी. तोंडाने तिखट, कॅथलीनला सतत टोचून बोलणारी, तरी हिला सोडवत नाही. दोघी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात जातात. तिथे कपडेसुद्धा गाऊनच्या आडोशाने बदलायचे! शेवटी बाबाच्या डोक्यातून निघालेली युक्ती : एका पवित्र चित्रावर नन आणि पाद्री यांच्याबद्दल घाणेरडं लिहायचं, म्हणजे आपोआप हकालपट्टी. तसंच होतं, आणि मग डब्लिन. हा भाग वाचताना मी मोठ्याने हसलो होतो.

आता बंदीचं. लेखिका एड्ना ओ’ब्रायन आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरच्या एका खेड्यातली. लंडनला गेल्यावर तिने ही कादंबरी तीन आठवड्यांत लिहिली, ती 1960 साली आली. आयर्लंडमध्ये 1929 पासून पुस्तकांवर सेन्सॉरचा कायदा होता, त्याखाली बंदी आली. कारण अश्लीलतेचं. पण 1937 च्या आयरिश संविधानात स्त्रीच्या ‘घरातल्या जीवना’चा गौरव केलेला आहे, आणि ही बाई तर त्या घरात पोरीला बापाच्या पावलांची भीती वाटते हे सांगत होती. माझ्या मते झोंबलं ते हे. लेखिकेने आपल्या ज्या आईला पुस्तक अर्पण केलं होतं, तिच्या मृत्यूनंतर तिची प्रत सापडली. आक्षेपार्ह शब्दांवर तिने शाईने काट मारली होती.

इंग्रजी सोपं आहे, अडणार नाही. पुढचे दोन भाग 1962 आणि 1964 चे. तिसऱ्यात काही प्रकरणं बाबा स्वतः सांगते, निदान तिच्यासाठी तरी तिथवर जा.