मीठ धुतलं की आयोडीनही धुऊन जातं

प्रश्न : सुरगाणा तालुक्यात पाड्यावर राहते. सासूबाईंच्या गळ्याला २५ वर्षांपासून गाठ आहे. आता १२ वर्षांच्या मुलीचा गळाही भरलेला वाटतो. आठवडे बाजारातलं खडे मीठ आम्ही धुऊन वापरतो. बटाट्याच्या फोडीवर मीठ टाकून लिंबू पिळलं, पण निळं झालं नाही. मीठ खोटं, की डोंगरातल्या पाण्याचा दोष?

उत्तर : दोष पाण्यातल्या कशाचा नाही, मातीत जे उरत नाही त्याचा आहे. उतारावरचं आयोडीन पाऊस धुऊन नेतो. मग तिथल्या नागलीत, भातात, भाजीतही ते कमीच. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची सूज, फार होता तो यामुळेच. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने तो घटतो हे दाखवलं.

बटाट्याच्या चाचणीवरून मिठाला खोटं ठरवू नका. ती लोह आणि आयोडीन दोन्ही घातलेलं मीठ ओळखायची आहे. साध्या आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेट असतं. लोह नसेल तर त्यातलं आयोडीन सुटं होत नाही आणि बटाटा निळा पडत नाही. आशाताईंकडे तपासणी किट मिळालं तर पाहा. चमचाभर मीठ सपाट करून त्यावर द्रावणाचा थेंब टाका. निळा-जांभळा रंग येईल, तो पट्टीशी जुळवा. रंग आला नाही, तर त्याच किटमधल्या दुसऱ्या कुपीतला थेंब टाकून त्यावर पुन्हा पहिला टाका, कारण मीठ अल्कधर्मी असलं की रंग दबतो.

मीठ धुणं मात्र आजच थांबवा. आयोडीन खड्याच्या वरच्या थरावर असतं, पहिल्या पाण्यातच जातं. त्यापेक्षा 'आयोडीनयुक्त' छापलेली बंद पिशवी घ्या, मीठ झाकणाच्या बरणीत चुलीपासून लांब ठेवा आणि शक्यतो भाजी शिजत आल्यावर घाला. घरी पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणी २५०. पण त्यासाठी जास्त मीठ खाऊ नका. त्याने रक्तदाब वाढतो. मीठ तेवढंच, पण चांगलं आयोडीन असलेलं घ्या.

मुलीची टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची, रक्ततपासणी करून घ्या. आयोडीन कमी पडलं की मेंदूतून हे संप्रेरक जास्त सुटतं आणि ग्रंथी फुगते. लहान वयातली मऊ, सारखी सूज योग्य मिठाने काही महिन्यांत ओसरू लागते. सासूबाईंची जुनी, गाठाळ झालेली ग्रंथी मिठाने जिरणार नाही. त्यांची टीएसएच आणि गळ्याची सोनोग्राफी करा. घरचं मीठ त्यांना चालेल, पण आयोडीनचे थेंब किंवा गोळ्या मनाने देऊ नका. अशा गाठीत जादा आयोडीनने धडधड, वजन घटणं असा उलटा त्रास सुरू होऊ शकतो. गिळताना अडकणं, आवाज बसणं, दम लागणं किंवा गाठ झपाट्याने वाढणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : कोबी, फ्लॉवर बंद करावं का?

उत्तर : नाही. शिजवून खाल्लं आणि मिठात आयोडीन असलं, तर काही बिघडत नाही. सैंधव मात्र रोजच्या जेवणात नको. त्यात आयोडीन नगण्य असतं. उपासापुरतं चालेल.