टोकन देऊ की कार्ड फेडू?

प्रश्न : ताई, माझा हातात येणारा पगार 58,000 रुपये. भोसरीत नोकरी, मोशीत भाड्याने राहतो. पर्सनल लोनचे 1,90,000 बाकी आहेत, हप्ता 8,000. बाइकचा हप्ता 3,500. क्रेडिट कार्डावर 1,20,000 थकलेत, पण मिनिमम 6,000 दर महिन्याला न चुकता भरतो. साडेपाच लाखांची एफडी घरासाठी म्हणून जपून ठेवलीय. शेजारच्या सोसायटीत रीसेलचा वन बीएचके 32 लाखांना मिळतोय. मालक पाडव्याला 51,000 टोकन मागतायत. मित्र म्हणतो, कमी पडतील तेवढ्याचं आणखी एक पर्सनल लोन काढ. काय करू?
– एक वाचक, मोशी

उत्तर : एफडी मोडा आणि आधी कार्ड फेडा. सगळं, एका दमात.

तुम्ही ‘न चुकता भरतो’ लिहिलंत, ते वाचून मला फार वाईट वाटलं. कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के धरला, तर 1,20,000 वर व्याज होतं 4,200. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 756. तुमच्या सहा हजारांतून मुद्दल फिटतं जेमतेम हजारभर. वर बाकी असताना नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. एफडीतले तेवढेच पैसे सात टक्क्यांनी तुम्हाला महिन्याला 700 रुपये देतात. हे 700 मिळवायला तुम्ही पाच हजार घालवताय.

मी 24 वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होते. अर्ज आला की आम्ही साधारण निम्मा पगार हप्त्यांसाठी धरायचो. तुमचे 29,000. त्यातून चालू हप्ते आणि कार्डाचे सहा हजार मिळून 17,500 वजा. उरले 11,500. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखाला 868 रुपये हप्ता पडतो, म्हणजे तुम्हाला कर्ज मिळेल 13 लाखांच्या आसपास. काहीच देणं नसेल तर हाच आकडा 33 लाखांवर जातो. पगार तोच, माणूस तोच. मित्राचं ऐकलंत तर 13 चे आणखी खाली याल, कारण नवं लोनही क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, दिसणारच.

शिवाय 32 लाखांत घर येत नाही. पिंपरी-चिंचवडला स्टँप ड्युटी 7 टक्के, घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर 6. नोंदणीचे 30,000 वेगळे. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. 26 लाख कर्ज मिळालं तरी पत्नीच्या नावावर घेऊन पदरचे सव्वाआठ लाख लागतील.

म्हणून कार्डानंतर पर्सनल लोनही फेडा. फोरक्लोजरला, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडायला, किती शुल्क लागेल ते आधी लेखी विचारा. एफडीतले दोन-सव्वादोन लाख उरतील, त्यांना हात लावू नका. बाइकचे हप्ते संपू द्या. पुढे सुटलेले 17,500 आणि थोडी काटकसर मिळून महिना 22,000 बाजूला पडले, तर सव्वादोन वर्षांत सव्वाआठ लाखांपर्यंत पोचाल. पर्सनल लोन आणि बाइक, दोन्ही कर्जांचं नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं उरलं नाही असा दाखला) मात्र मागून घ्या आणि दोनेक महिन्यांनी रिपोर्टवर खाती बंद दिसतात का ते बघा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो.

तोवर हा फ्लॅट जाईल, हे मला कळतंय. 1997 साली आम्ही चिंचवडला घर पसंत केलं, तेव्हा नणंदेच्या लग्नाचं पतपेढीचं कर्ज डोक्यावर होतं. सासूबाई म्हणाल्या, आधी पतपेढी. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. ते घर गेलं. दीड वर्षाने दुसरं घेतलं, थोडं आतल्या गल्लीत. पुढे बाळंतपणानंतर चार महिने मी बिनपगारी रजेवर होते, तरी एकही हप्ता चुकला नाही.

पाडव्याला टोकन देऊ नका. कर्ज मंजूर झालं नाही तर ते 51,000 परत मिळवायला मालकांचे उंबरे झिजवावे लागतात, आणि लेखी काही नसलं तर हातात काहीच येत नाही. त्यांना आजच फोन करून नाही म्हणून सांगा, म्हणजे तेही दुसरं गिऱ्हाईक बघतील.