आदिवासींच्या पारंपरिक अग्निव्यवस्थापनाचा अभ्यास आदिवासींनीच का करावा?

जंगलात आग लावण्याला 'ज्ञान' कसे म्हणायचे, आणि त्याचा अभ्यास त्याच समाजातील माणसांनी करावा असा आग्रह कशासाठी, असे आपण विचारले आहे. माझे गाव पेठ तालुक्यातले, समाज कोकणा, आणि नोकरीमुळे मुक्काम नाशिक शहरात. त्यामुळे राबापासूनच, म्हणजे रोपांची जमीन भाजण्याच्या आमच्या पद्धतीपासूनच, सुरुवात करतो.

आमच्याकडे नागली, वरई व भाताची रोपे ज्या तुकड्यात वाढवायची, तिथे उन्हाळ्यात शेण, डहाळ्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून, वर बारीक माती पसरून ते भाजतात. वडील आधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहत आणि वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूच्या कडेला काडी लावत, म्हणजे आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालावे लागते आणि ती पळत न सुटता सावकाश धुमसत जमीन तापवते. त्यामुळे तणाचे बी व किडी मरतात आणि राखेतून पालाश मिळते. यात नत्र उडून जाते आणि झाडे ओरबाडली जातात, हा कृषितज्ज्ञांचा आक्षेपही खरा आहे, आणि राबापायी किती झाडे छाटली जातात याचा हिशेब आमच्या लोकांनी स्वतःच मांडायला हवा, असे माझे मत आहे. वाद जुनाच आहे; १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगासमोरही राबाचा प्रश्न आला होता.

राबाची आग शेतातली. मोहाची फुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळतात ती आग वेगळी, आणि बेफिकिरीने टाकलेल्या विडीची आग तर त्याहून वेगळी. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा असल्याने बाहेरच्या माणसाला जंगलातल्या या सगळ्या आगी वणवाच वाटतात; वनविभाग स्वतः जाळरेषा काढतो, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून आधीच पट्टे जाळून मोकळे करतो, तीही नियंत्रित आगच असते, हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरातील सोलिगा समाजाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. उन्हाळा तापण्याआधी, पाचोळा फार साचण्यापूर्वी, ते जमिनीलगतची हलकी आग लावत. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणतात. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि ही आग थांबली. पुढे घाणेरी माजली, आणि सोलिगांच्या मते आवळ्याच्या झाडांवरचे बांडगूळही त्याच कारणाने वाढले. आवळा गोळा करण्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांनाच हा प्रश्न सुचला. उपग्रहाच्या चित्रात आगीचा ठिपका दिसतो, बांडगूळ दिसत नाही. स्वतः सोलिगा असलेले संशोधक सी. मादेगौडा यांनी हे पारंपरिक ज्ञान अभ्यासकांसमोर मांडले, म्हणून त्याची दखल घेणे भाग पडले. २०११ मध्ये सोलिगांना व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातच सामूहिक वनहक्क मिळाले.

ऑस्ट्रेलियात काम याहून पुढे गेले आहे. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून सुमारे २८,००० चौरस किलोमीटर भूमीवर तिथले मूळ रहिवासी, शास्त्रज्ञांना सोबत घेऊन, कोरड्या ऋतूच्या आरंभी ठिकठिकाणी लहान आगी लावतात, ज्यामुळे ऋतूच्या शेवटी भडकणाऱ्या मोठ्या आगी आणि त्यांतून सुटणारे हरितगृह वायू कमी होतात. हे उत्सर्जन मोजले जाते आणि झालेल्या घटीबद्दल मोबदला मिळतो. आपला पानगळीचा डोंगर आणि तिथला गवताळ माळ एक नव्हे, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे उतरवण्यात अर्थ नाही. घेण्यासारखे आहे ते एवढेच, की कधी व कुठे पेटवायचे हा निर्णय ज्यांची भूमी आहे त्यांच्याकडे राहिला.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा, तसेच जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केलेला आहे. म्हणून पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात आपणास असा अभ्यास करायचा असेल, तर प्रश्नावली घेऊन येण्याआधी ग्रामसभेत बसावे, प्रश्न तिथेच ठरू द्यावेत, आणि नोंदवही गावातच राहील असे लेखी ठरवावे. राब भाजणी पाहायची असेल तर वळवाच्या सरी येण्याआधी या. जूनमध्ये पेरा झाला की पाहण्यासारखे फारसे उरत नाही.