इलेक्ट्रिक स्कूटर अर्धी बॅटरी दिसत असताना चढाला बंद पडते, कंट्रोलरचा लो व्होल्टेज कट काढून टाकला तर चालेल काय?

काढू नका. कंट्रोलर म्हणजे बॅटरीतनं मोटरला करंट सोडणारा डबा, आणि लो व्होल्टेज कट म्हणजे व्होल्टेज ठराविक आकड्याखाली गेलं की त्यानं मोटर बंद करणं. अर्धी बॅटरी दिसत असताना बंद पडते म्हणताय तर दोष कंट्रोलरचा नाही, बहुतेक बॅटरीचा आहे. आमच्या घरात यावरनं मोठा वाद झालाय म्हणून सविस्तर लिहायलोय.

बाबांची 60 व्होल्टची गाडी, सीटखाली पाच लेड ॲसिड बॅटऱ्या. रोज सकाळी बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या बाजूचं दूध गोळा करून येळ्ळूरवरनं वडगाव, शहापूरला घालायचे. सपाटीला काही तक्रार नव्हती. गडाच्या चढाला कॅन भरलेले असले की गचके द्यायची, थ्रॉटल सोडला की सुरू, पिळला की परत बंद. मेकॅनिकनं गाडी उभी असताना मोजलं, पाचही साडेबाराच्या आसपास, म्हणाला बॅटरी ओके. अहो उभ्या गाडीत मोजून काय कळणार? मी सीट उघडी ठेवून, मल्टिमीटरला क्लिपा लावून बाबांच्या मागं बसलो आणि पाच वेळा चढ चढलो, दरवेळी वेगळ्या बॅटरीला क्लिप. चार बॅटऱ्या लोडवर बाराच्या जवळपास थांबायल्या, तिसरी सरळ चारावर यायची.

हे मी दाजींना सांगितलं. दाजी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात कामाला, त्यामुळं घरात मशिनचं काहीही असलं तर त्यांचाच शब्द चालतो. ते म्हणाले कंट्रोलरच खोडी करायलाय, आणि मेकॅनिककडनं 48/60 ची वायर जोडून घेतली, म्हणजे कंट्रोलरला वाटावं बॅटरी 48 ची आहे. कट 52.5 वरनं 42 वर आला. गाडी चढ चढली, सगळे खूश.

आता हिशोब बघा. 52.5 म्हणजे बॅटरीमागं 10.5, लेड ॲसिडला त्याखाली ओढायचं नसतं. पण कंट्रोलर एकेक बॅटरी बघत नाही, टोटल बघतो. चार बॅटऱ्या बारावर असल्या तर 48 झाले, उरलेली एक शून्यावर गेली तरी कंट्रोलरला 48 दिसणार आणि 42 चा कट काही पडणार नाही, बाकीच्या चार तिच्यातनं करंट ढकलत राहणार आणि ती उलटी चार्ज व्हायला लागते. दोन महिन्यात तिसरी फुगली, मग चार्जर बाकीच्या चारांना जास्त द्यायला लागला आणि त्याही गेल्या. बाबा आठवडाभर सायकलवरनं दूध घालत होते. एक बॅटरी बदलली असती तर भागलं असतं. दाजी अजून म्हणतात बॅटऱ्या जुन्याच होत्या, नाहीतरी जाणारच होत्या. नव्हत्या जाणार, मी स्वतः मोजलेलं.

तर तुम्हीपण चढाला मोजा, आणि त्याच्याआधी टर्मिनल घासून घट्ट करा, सैल जोडामुळंपण व्होल्टेज असंच पडतं.

आणि हो, तुमची लिथियमची असेल तर वरचे आकडे लागू नाहीत. तिथं बीएमएसचा (बॅटरीतच बसवलेलं, सेल सांभाळणारं सर्किट) कट वेगळा असतो आणि तो पडला की गाडी दणकन बंद, म्हणून कंट्रोलरचा कट त्याच्या थोडा वरच ठेवतात. लिथियमचा सेल फार खाली गेल्यावर परत चार्ज करणं धोक्याचं असतं, आग लागू शकते, त्यामुळं तिथं तर कुणाच्या दाजींचं ऐकून वायर जोडू नका.